पर्सेंटाइल म्हणजे मार्क्स नव्हेत!

डोंबिवलीची सकाळची फास्ट लोकल, लेडीज डबा. आमच्या ग्रुपमधली एक जण आज गप्प गप्प. सव्वीस आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह संपवून तिला ऑफिस जॉइन करून जेमतेम तीन महिने झालेत. "काय गं, काय झालं?" विचारल्यावर तिनं मोबाइलमधला एक फोटो पुढे केला. डॉक्टरांच्या फाइलमधला ग्राफ. "लेक पंधराव्या पर्सेंटाइलवर आहे. शंभरात पंधरा! म्हणजे नापासच ना?" घरी सासूबाईंनी निकालही लावून टाकलेला, 'आई ऑफिसला जाते, म्हणून पोर वाळलं.'

चूक तिची नाही. आपण सगळे सीईटी आणि कॅटच्या मुशीतून निघालेले. पर्सेंटाइल म्हटलं की ९८ हवं, हे डोक्यात फिट बसलंय. त्यात 'गुटगुटीत बाळ' म्हणजेच हेल्दी बाळ, हा आपला जुना हिशोब.

पण बाळाच्या फाइलमधला पर्सेंटाइल ही फक्त रांगेतली जागा आहे. त्याच वयाच्या शंभर निरोगी मुली वजनानुसार उभ्या केल्या, तर पंधराव्या पर्सेंटाइलवरच्या मुलीपेक्षा साधारण पंधरा जणी हलक्या आणि बाकीच्या वजनदार. निरोगी मुलांची रांग लावली, तरी कुणीतरी पंधराव्या जागी उभं राहणारच की! त्यात आईबाबाच चणीने लहान असतील, तर बाळाने पैलवान का व्हावं?

हे ग्राफ जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली आणले. त्यासाठी भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली. भारतातली मुलं दिल्लीची होती. अंगावर दूध पिणाऱ्या बाळांची वाढ हाच त्यात पाया धरलाय. त्यामुळे 'हे फॉरेनचे आकडे, आपल्याला लागू नाहीत' हा युक्तिवाद इथे चालत नाही. पाच वर्षांनंतर मात्र आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५चे भारतीय चार्ट वापरतात. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे.

आता खरी गंमत. मैत्रिणीच्या लेकीचं वजन सहाव्या महिन्यात ६.४ किलो होतं, नवव्या महिन्यात ७.३. दोन्ही ठिपके पंधराव्याच रेषेवर. म्हणजे पोरगी आपल्या ट्रॅकवरून मस्त चाललीय.

याउलट समजा, ठाण्यातला एखादा गोबऱ्या गालांचा मुलगा सहाव्या महिन्यात ८.९ किलोचा आहे. पर्सेंटाइल ८५, घरात सगळे खूश. नवव्या महिन्यातही तो ८.९ किलोच. पर्सेंटाइल बरोबर ५०! अगदी मधोमध, म्हणून सगळे निर्धास्त. पण अहो, तीन महिन्यांत वजन एक ग्रॅमही वाढलेलं नाही! डॉक्टरांकडे जायची गरज आहे ती या बाळाला. पोट बिघडतंय का, वरचेवर आजारी पडतंय का, की वरणाऐवजी नुसतं डाळीचं पाणी पोटात जातंय, हे बघायला हवं. त्या पाण्याने पोट भरतं, अंग धरत नाही. घट्ट वरण-भात आणि वर तुपाची धार, हे केव्हाही बरं.

म्हणून एक ठिपका बघू नका, रेषा बघा. वजन शक्यतो एकाच काट्यावर आणि कमीत कमी कपड्यांत करा. दोन वर्षांपर्यंत लांबी बाळाला आडवं झोपवून मोजतात. डोक्याचा घेरही नोंदवून घ्या. मुलाचा आणि मुलीचा चार्ट वेगळा असतो, तो योग्य आहे ना ते पाहा. बाळ वेळेआधी जन्मलं असेल, तर तेवढे आठवडे वयातून वजा करायला डॉक्टरांना सांगा. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोनेक आठवड्यांत भरून येतं. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ एखादी रेषा बदलतंही. पण रेष सपाट झाली, किंवा ठिपका दोन रेषा ओलांडून खाली घसरला, तर थांबू नका. आणि हो, रोज उठून काट्यावर ठेवू नका. बाळ आहे, शेअर नव्हे!

घाटकोपर येईस्तोवर मैत्रिणीनं फोटो झूम करून मागचे ठिपके स्वतःच जोडले. "अगं, रेष तर सरळ वर चाललीय!" मग म्हणाली, "संध्याकाळी सासूबाईंना दाखवते."

जरूर दाखव. आणि सांग, स्लो लोकलसुद्धा कल्याणला पोचतेच. काळजी करायची ती मध्येच थांबलेल्या गाडीची.