पोटगीचा पैसा आणि लेकराचं ताट

बारामती-इंदापूर भागात बांधावर बसलं की बायकोपासून वेगळा राहणारा एखादा बाप गाऱ्हाणं मांडतो, "पोराच्या नावानं पोटगी भरतो, पण ती पोरावरच खर्च होते का?" शंका रास्त असेलही. पण एका चुलीवरच्या भाकरीचा वेगळा हिशेब कसा काढणार? भाडं, वीजबिल, गॅस हाही पोराचाच खर्च.

शंकेपायी पोटगी अडवू नका. वसुलीचं वॉरंट निघतं, तुरुंगही घडतो. हिशेब मांडायची जागा कोर्ट आहे. रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सुप्रीम कोर्टानं उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र नवरा-बायको दोघांनाही बंधनकारक केलं. शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. त्यात जमीन, पीक, जनावरं, कर्ज खरं लिहा. सातबारा, ऊसबिलं जोडा. शाळा-औषधाच्या पावत्यांचा मुद्दा सुनावणीतच काढा. पोटगी बँकेतून भरा, म्हणजे पुरावा राहतो. पुढं परिस्थिती पालटली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम कमी-जास्त करून मागता येते.

सरपंच, पोलीस पाटलांनीही भांडण मिटवताना हेच सांगावं. ऊसबिल हप्त्यानं येतं. लेकराची भूक रोजची असते.