अंधार पडण्याआधी गाडी गावात लावा

दिवाळी सरते, बांध्यांमधला धान कापून होतो आणि आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या जंगलाच्या रस्त्यांवर बाहेरगावच्या गाड्या दिसू लागतात. नागपूर, पुणे, रायपूरकडून मित्रांचे गट येतात. कुणाच्या टपावर तंबू बांधलेला असतो, तर कुणी झोपायची नि स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅन भाड्यानं आणलेली असते. २०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या हौसेला सरकारी मान्यताही आहे. तुम्ही येता याचा आम्हाला आनंदच आहे. येताना एवढं एक पथ्य पाळा: दिवसभर हवं तेवढं फिरा, पण अंधार पडण्याआधी गाडी गावात आणा. रात्र जंगलाला राहू द्या.

हे कशासाठी, ते सांगतो. नकाशात कोका, नागझिरा, नवेगाव ही नावं वेगवेगळी दिसतात. डिसेंबर २०१३ मध्ये ती मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पण जनावरांना या हद्दी माहीत नसतात. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ वाघ २०१३ साली महामार्ग, शेतं आणि वैनगंगा ओलांडून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला. एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही. जयसारखी जनावरं एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात ती बहुधा रात्री, आणि तेव्हा त्यांना आपले रस्ते आडवे येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात रात्री एका तरुण वाघाला गाडीची धडक बसली. तो जखमी अवस्थेत सरपटत झुडपात जात असल्याची चित्रफीत अनेकांनी पाहिली. तो वाचला नाही. वाघ मेला म्हणून त्याची बातमी तरी झाली. चितळ, सायाळ, रानमांजर, अजगर यांची बातमीही होत नाही. सकाळी ती डांबरावर चिकटलेली दिसतात.

म्हणून जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर रात्री गाडी काढू नका. निघावंच लागलं तर वेग कमी ठेवा, मोठा दिवा आणि हॉर्न टाळा. एक चितळ रस्ता ओलांडून गेलं की लगेच गाडी दामटू नका, मागून कळप येत असतो.

दुसरी गोष्ट विस्तवाची. मित्र जमले की शेकोटी हवीशी वाटते, हे मी समजू शकतो. पण इथलं जंगल सागाचं, मोहाचं, तेंदूचं, बांबूचं. फेब्रुवारीपासून पानगळीचा जाड थर जमिनीवर साचतो आणि जूनपर्यंत तो कोरडाठाक असतो. वरून विझलेल्या राखेत आत निखारा राहतो, पहाटेच्या वाऱ्यानं तो पानांत जातो. आग धरली की ती पहिल्यांदा जमिनीवर घरटं करणारे पक्षी, कासवं आणि नवी रोपं खाते. मग ती गावाच्या पोटावर येते. मार्च-एप्रिलमध्ये बाया-माणसं पहाटे उठून मोहफुलं वेचतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात. अनेक घरांचा वर्षाचा रोख पैसा यातूनच येतो. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, अभयारण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही बंदी आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा त्या मोहाच्या झाडाखाली वाकलेल्या बाईची आठवण ठेवा. शेकोटी करायचीच असेल तर ज्यांच्या घरी उतराल त्यांच्या अंगणात, त्यांना विचारून करा आणि पाणी ओतून विझवा.

तिसरी गोष्ट तलावांची. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी बांधलेले मालगुजारी तलाव आणि बोड्या आजही धानाला पाणी देतात. ढिवर बांधव त्यात मासे धरतात, शिंगाडे लावतात. तलावाची पाळ मोकळी दिसली तरी ती बेवारस नाही. तिथं फुटलेली बाटली पुढच्या पावसाळ्यात रोवणी करणाऱ्या बाईच्या पायात जाते. टाकलेल्या उष्ट्याला रानडुकरं आणि कुत्री चटावतात, मग ती शेतात शिरतात. पोहण्याचा मोह तर आवराच. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ असतो, वेल असते, जुनी जाळी असतात. गोसीखुर्दच्या फुगवट्याच्या काठावर तंबू ठोकणं तसंच धोक्याचं, कारण तिथली पातळी धरणाच्या कामकाजाप्रमाणे बदलते.

मग फिरायचं कसं? भंडाऱ्याहून पहिल्या दिवशी कोका पाहा आणि जवळच्या गावात राहा. दुसऱ्या दिवशी उत्तरेला तुमसरकडे वळा. अंबागडचा किल्ला चढा, गायमुखला थांबा, चांदपूरचा जलाशय पाहा. सातपुड्याच्या या डोंगरांत गर्दी कमी आणि झाडी दाट आहे. तिसऱ्या दिवशी साकोलीवरून पिटेझरीच्या फाटकानं सकाळच्या फेरीत नागझिरा बघा. परतताना पवनीला जा. तिथं १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला आहे. मुक्काम गावातल्या घरी किंवा परवाना असलेल्या निवासात करा. कॅराव्हॅन असेल तर ज्यांच्या आवारात ती उभी करायची त्यांना आधी फोन करा, वीज-पाण्याचे पैसे ठरवा आणि सांडपाणी ओढ्यात सोडू नका. पावसाळ्यात जंगलफेऱ्या बंद असतात, त्या काळात हट्ट धरू नका.

फेरीत वाघ दिसलाच पाहिजे, असा आग्रह गाईडकडे धरू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात गोठणगावजवळ एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. गाईड आणि चालकांवर कारवाई झाली, पण ती गर्दी पर्यटकांच्या हौसेतूनच उभी राहिली होती. गाडी मागे घ्यायला सांगणं हे पर्यटकाच्याच हातात असतं. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून ‘नागझिरा’ लिहिलं ते वाघामागे गाडी पळवून नव्हे, एका जागी गप्प बसून पाहत. मारुती चितमपल्लींनी या भागात वनाधिकारी म्हणून काम करताना पक्षी-प्राण्यांची भाषा टिपली, तीही थांबूनच.

जंगलात आग, जखमी जनावर किंवा शिकारीचा संशय असं काही दिसलं तर स्वतः पुढे होऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मित्रांनो, संध्याकाळी पाच वाजले की गाडी वळवा. गावात भात आणि मासोळीचा रस्सा मिळेल, वयस्कर माणसं गोष्टी सांगतील. खाटेवर पडल्या पडल्या चितळाची हाक कानावर येईल आणि कुणीतरी सांगेल, वाघ निघाला. तो निघू द्या. त्याची वाट मोकळी ठेवून तुम्ही झोपा.