वरळीचा बेडूक आणि आमचे विद्यार्थी

प्रतिवर्षीं विज्ञानप्रदर्शनाचे दिवस जवळ आले कीं आमच्या मेजावर प्रकल्पांच्या वह्यांचा ढीग पडूं लागतो. गतवर्षीं इयत्ता नववींतील एका विद्यार्थिनीनें ‘जीवाश्म’ हा विषय घेतला होता. वहींत बारा छापील पानें, रंगीत चित्रें, सुबक शीर्षकें, सर्व कांहीं होतें. आम्हीं तिला दोनच प्रश्न विचारले : “हें मूळ कोणीं लिहिलें?” आणि “यांतील एखादा जीवाश्म आपल्या आसपास सांपडला आहे काय?” पहिल्या प्रश्नास तिनें “इंटरनेटवर होतें, सर,” असें उत्तर दिलें, दुसऱ्यास ती कांहींच बोलली नाहीं. मागाहून कळलें कीं, तीं पानें तिच्या वडिलांनीं रात्रीं कामावरून परततांना डोंबिवली स्टेशनाजवळच्या दुकानांतून छापून आणलीं होतीं. त्या कष्टाळू गृहस्थांस किंवा त्यांच्या कन्येस बोल लावण्यास आम्ही धजत नाहीं. विषय आम्हीं दिला, पण वाट दाखविली नाहीं. तो दोष अंशतः तरी दूर व्हावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

ठाणें-कल्याणकडील मुलांस जीवाश्म म्हटलें कीं दूरदेशींची गोष्ट वाटते. त्यास कारणही आहे. पारसिकचा डोंगर घ्या वा मलंगगड घ्या, आपला प्रदेश मुख्यतः काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून निघालेल्या तप्त रसाचे थरावर थर सांचून तो बनला. अशा रसांत प्राण्यांचे अवशेष टिकावे कसे? परंतु दोन उद्रेकांमध्यें कधीं कधीं दीर्घ काळ लोटे. तेवढ्या अवधींत तळीं सांचत, त्यांत बेडूक, कासवें, गोगलगाई नांदत, आणि पुढील थर येऊन तो गाळ झांकून टाकी. मुंबई बेटावर वरळी येथें असाच गाळ सांपडला व त्यांत लहानशा बेडकांचे सांगाडे मिळाले.

ह्या बेडकाचें वर्णन रिचर्ड ओवेन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४७ सालीं लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध केलें. ‘डायनोसॉर’ हें नांव प्रचारांत आणणारे ओवेन ते हेच. मुंबईहून जी. टी. क्लार्क यांनीं पाठविलेल्या निवेदनास पुरवणी म्हणून हें टिपण छापलेलें आहे. क्लार्क हे अभियंता होते. बोरीबंदर ते ठाणें ही आगगाडी १८५३ सालीं सुरू झाली व पुढील वर्षीं कल्याणास पोंचली. त्या लोहमार्गाच्या आरंभीच्या आंखणीशीं क्लार्क यांचें नांव जोडलेलें आहे. आमचे कित्येक विद्यार्थी ज्या वाटेनें रोज शाळेस येतात, त्या वाटेशीं ह्या बेडकाचें असें नातें आहे. बारा छापील पानांत ह्यांतील एक अक्षरही नव्हतें.

आतां आमच्याच फजितीची गोष्ट सांगतों. ओवेनचें टिपण शोधावयास आम्ही बसलों, तेव्हां कितीतरी वेळ तें सांपडेना. आम्ही ‘इंडोबॅट्राकस’ ह्या नांवानें शोधीत होतों; परंतु तें नांव नोबल ह्या शास्त्रज्ञानें १९३० सालीं दिलेलें! ओवेननें त्यास ‘राना पुसिला’ म्हटलें होतें. सासरच्या नांवानें माहेरच्या नोंदवहींत मुलगी शोधावी, तसला हा प्रकार. स्थळांच्या नांवांचेंही तेंच. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ठाणें हें ‘टॅना’ व कल्याण हें ‘कॅलियन’ अशा रूपांनीं येतें. आणि दोन लाव्हाथरांमधील गाळास ‘इंटरट्रॅपियन’ म्हणतात, हें ठाऊक नसल्यास निम्मे लेख दृष्टीआडच राहतात. म्हणून शोधास बसण्यापूर्वीं प्राण्याचीं जुनीं-नवीं नांवें, स्थळांचीं जुनीं-नवीं रूपें व शास्त्रीय संज्ञा एका कागदावर लिहून घ्याव्या.

दुसरा धडा नागपूरकडचा आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी तेथें शाळा चालवीत, आणि फावल्या वेळीं खडक न्याहाळीत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनीं नागपूरच्या आसपासचे जीवाश्म जमवून १८५५ सालीं त्याच त्रैमासिकांत विस्तृत निबंध लिहिला. पुढें तेथील शिंपल्यांचें त्यांनीं केलेलें वर्णन अभ्यासकांस अद्यापि उपयोगी पडतें. परंतु ते थर डायनोसॉरांच्या युगानंतरचे, असें त्यांचें मत होतें. आज त्यांतील अनेक थर त्या युगाच्या अखेरीचे मानले जातात. यावरून विद्यार्थ्यांनीं एवढें शिकावें कीं, काय पाहिलें हें जुन्या लेखांत वाचावें, आणि त्याचा काळ कोणता हें नव्या लेखांत पाहावें.

हें सर्व मिळावें कोठें? आरंभ मराठी विश्वकोशापासून करावा. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. आतां तो इंटरनेटवर विनामूल्य वाचतां येतो, व त्यावरून मराठी संज्ञा पक्क्या होतात. मग ग्रंथालय. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचें आणि ठाण्याचें मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचें. तेथें “जीवाश्मांवर कांहीं आहे का?” असें मोघम न विचारतां “मुंबईच्या भूरचनेवर काय आहे?” असें नेमकें विचारावें, ग्रंथपालासारखा वाटाड्या दुसरा नाहीं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचीही माहिती करून घ्यावी. हेन्री कार्टर यांचा मुंबई बेटाच्या भूरचनेवरील निबंध १८५२ सालीं तिच्याच नियतकालिकांत आला होता. लंडनच्या त्रैमासिकाचे जुने खंड ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ व ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ह्या संकेतस्थळांवर घरबसल्या, एक पैही न देतां उघडतात. १८५१ सालीं स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाची ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ ही ग्रंथमाला तर केवळ जीवाश्मांनाच वाहिलेली आहे.

अलीकडे प्रश्न टाकतांच उत्तर लिहून देणारीं यंत्रें घरोघरीं आलीं आहेत. त्यांचा आम्हांस राग नाहीं. परंतु अस्तित्वांतच नसलेल्या ग्रंथांचीं नांवें तीं कधीं कधीं मोठ्या ठामपणें सांगतात. म्हणून ग्रंथ उघडून पान डोळ्यांनीं पाहिल्यावांचून त्याचें नांव वहींत लिहूं नये.

कोणी म्हणेल, नववींतल्या मुलांस हा खटाटोप कशाला? गुण तर रंगीत चित्रांस मिळतात! हा आक्षेप खरा आहे, आणि तो आम्हां शिक्षकांवरच उलटतो. आम्हीं सुबकपणास गुण दिले, म्हणून मुलांनीं सुबकपणा आणला. यापुढें प्रत्येक प्रकल्पाच्या अखेरीस ‘हें मीं कोठून घेतलें’ असें एक पान असावें व त्या पानास निम्मे गुण असावे, अशी आमची सूचना आहे. उतरवून घेणें हा अपराध नव्हे. कोणाचें उतरविलें हें लपविणें, किंवा तें ठाऊकच नसणें, ही मात्र असत्याची पहिली पायरी होय, आणि ती मूल शाळेंतच चढूं लागतें.

पालकांस एवढीच विनंती कीं, छापील पानें आणून देण्यापेक्षां एखाद्या रविवारीं मुलास ग्रंथालयाच्या दारापर्यंत सोबत करावी. ती विद्यार्थिनी यंदा पुन्हां आमच्याकडे आली. ह्या खेपेस वहींत चारच पानें होतीं, तींही स्वहस्ताक्षरांत. तिनें विचारलें, “सर, वरळीचा तो थर आज कोठें पाहावयास मिळेल?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें आतां आम्ही दोघेंही शोधीत आहों.