चहाचा कप आणि छातीतली गाठ



वडीगोद्रीच्या बाजूला बायांशी आरोग्यावर बोलायला बसले की पाळी, अंगावरून जाणे, कंबरदुखी हे सगळे होऊन जाते. मग उठायच्या वेळी कुणीतरी हळूच विचारते, "ताई, लई च्या पिल्यानं छातीत गाठ होती म्हणतेत. खरं हाय का?" बाकीच्या हसतात, पण उत्तर ऐकायला थांबतात.

म्हणून आधी उत्तर. चहामुळे स्तनांचा कॅन्सर होतो असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. जपान, चीन, युरोप, अमेरिका इथे हजारो बायांच्या खाण्यापिण्याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवून अभ्यास झाले आहेत. कुठे चहा पिणाऱ्यांत धोका किंचित कमी दिसला, कुठे किंचित जास्त, आणि पुष्कळ ठिकाणी काहीच फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये इशारा दिला तो ६५ अंशांहून गरम पेयांबद्दल, आणि तोही अन्ननलिकेच्या कॅन्सरचा. (साऱ्या घराला चहा देऊन शेवटी गाळणीतला उरलेला पिणाऱ्या बाईला एवढा गरम चहा मिळतो कुठे?) 'ग्रीन टी प्या, कॅन्सर टाळा' या जाहिरातींनाही स्तनांच्या कॅन्सरबाबत तसा आधार नाही. तो पुडा विकत घेण्याची गरज नाही.

चहाबद्दल तक्रार करायचीच तर ती वेगळी आहे. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांना रक्तपांढरी होती. तेव्हा जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा, एवढे सांगता येते. पण सकाळी उपाशीपोटी चहावर कामाला जाणारी बाई चहाच्या हौसेने जात नाही. भाकरी कमी असते म्हणून चहा असतो. तिला "चहा सोडा" सांगणे सोपे आहे, भाकरीचे काय ते सांगणारा कुणी भेटत नाही.

मग हा प्रश्न येतो कुठून? आम्हाला वाटते, तो दोष शोधण्याच्या सवयीतून येतो. बाई आजारी पडली की तिचे काय चुकले हे आधी पाहिले जाते. तिचा चहा मोजला जातो. या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी ठाऊक आहेत, त्यांतल्या बऱ्याच बाईच्या हातातल्याच नाहीत: वाढते वय, आई-बहिणीला झालेला आजार, पाळी लवकर येणे किंवा उशिरा जाणे. मूल न होणे हेही त्यात आहे, आणि ते सांगताना फार जपून सांगावे लागते, नाहीतर मूल नसलेल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक ठपका. दारू आणि पाळी गेल्यानंतर वाढलेले वजन यांनीही धोका वाढतो. यांतले काहीच नसलेल्या बायांनाही गाठ होते, हे तर सांगायलाच हवे.

आणि नुसती भीती घातली की काय होते, ते आपल्या शेजारी पाहून झाले आहे. गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. २०१९ मध्ये तिथल्या ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना "पिशवी ठेवलीत तर कॅन्सर होईल" असे सांगितले गेले होते. कॅन्सर या एका शब्दावर पिशव्या निघाल्या, उचल घेऊन बिले भरली गेली. म्हणून बायांमध्ये कॅन्सरबद्दल बोलताना आपण कार्यकर्त्यांनी प्रत्येक वाक्य तोलून बोलले पाहिजे.

बोलायचे मात्र टाळता येणार नाही. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १ लाख ९२ हजार बायांना स्तनांचा कॅन्सर झाला आणि ९८ हजार दगावल्या. गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि आपल्याकडे न दुखणारे दुखणे घरात सांगायचे नसते. दुखते तेव्हाच रजा मिळते! स्तनात किंवा काखेत टणक गाठ, कातडीला खळगा, बोंडी आत ओढली जाणे, बोंडीतून रक्त येणे, यांतले काही दिसले तर थांबू नये. बहुसंख्य गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही त्याच दमात सांगावे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायांसोबत एक मोठा प्रयोग केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायांचे स्तन हातांनी तपासत. मोठे यंत्र नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तपासणी झालेल्या बायांचे आजार लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीपुढच्यांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायांत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही लपवायला नको.

सरकारी कार्यक्रमात २०१६ पासून तिशीपुढच्या प्रत्येक बाईची अशी तपासणी धरलेली आहे. तरी वर सांगितलेल्या पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांत एकीचीही कधी तपासणी झालेली नव्हती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, आणि शासकीय कॅन्सर रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला आहे, म्हणजे वडीगोद्रीवरून जाणाऱ्या त्याच महामार्गावर. रस्ता सरळ आहे. अडते ते बुडणाऱ्या रोजावर, सोबत कोण येणार यावर, आणि घरी स्वयंपाक कोण करणार यावर.

तेव्हा पुढच्या बैठकीच्या आधी आपापल्या उपकेंद्रात जाऊन विचारून या: तपासणीचा वार कोणता, तपासणारी बाई आहे का, खोलीला पडदा आहे का, गाठ सापडली तर पुढे कुठे पाठवतात. मिळालेली उत्तरे गावाच्या नावासह आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात ती छापू.