विमानाच्या पायांतले मोजे

आपल्याकडे महायुद्धातले कोणतेही विमान जुन्या छायाचित्रात दिसले, की ते ‘स्पिटफायर’ ठरते. गावातला प्रत्येक पडका वाडा जसा कुणा सरदाराचाच असतो, तसेच हे! मराठीच्या मास्तराने विमानांत नाक का खुपसावे, असे वाचक विचारतील. पण जुने छायाचित्र आणि जुनी पोथी यांत मला फारसा फरक वाटत नाही. पोथीच्या फडक्यावर कुणी काय लिहिले आहे यापेक्षा आतले अक्षर नि भाषेची रूपे पाहावी लागतात. छायाचित्राचेही तेच. पाठीवरची ओळ शेवटी वाचावी. आधी पंख पाहावेत.

आमच्या सोलापुरातल्या एका विद्यार्थिनीने आपल्या पणजोबांचे छायाचित्र मला आणून दाखवले. ते हवाई दलात यंत्रांच्या दुरुस्तीवर होते. पाठीवर पेन्सिलीने ‘स्पिटफायर’ लिहिलेले. पण स्पिटफायरचे पंख खालच्या अंगाला असतात आणि उडाल्यावर चाके पंखांत मिटतात. इथे तर पंख वैमानिकाच्या डोक्यावर. धडाशी अरुंद, मध्ये रुंद. आणि न मिटणाऱ्या चाकांवर मोज्यांसारखी आवरणे! हे होते ‘लायसँडर’.

हे विमान मुळात टेहळणीचे, पायदळाच्या मदतीचे. १९४१ साली मुंबईकरांच्या युद्धनिधीतून ते आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला मिळाले. १९४२ च्या फेब्रुवारीत करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ही स्क्वाड्रन ब्रह्मदेशात उतरली आणि या सावकाश चालीच्या विमानांना बाँब लावून थायलंडमधल्या जपानी तळावर हल्ला चढवला.

असेच दुसरे चकवणारे विमान अमेरिकन बनावटीचे ‘व्हेंजन्स’. सरळ उडतानाही त्याचे नाक वर असते. उभा सूर मारून बाँब नेमका टाकता यावा, म्हणून त्याचे पंखच तशा कोनात बसवलेले. आपल्या सातव्या नि आठव्या स्क्वाड्रनने ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चालवले.

पंखावरचे वर्तुळही बोलते. जपानी विमानांची खूण तांबडा गोळा; म्हणून चुकून आपल्याच विमानावर गोळी झडू नये यासाठी १९४३ पासून पूर्वेच्या आघाडीवर वर्तुळातला तांबडा रंग काढून टाकला. तिकडच्या छायाचित्रात तांबडा ठिपका आहे की नाही, यावरून सालाचा अंदाज बांधता येतो. मात्र कृष्णधवल छायाचित्रात रंग फसवतात, एवढे ध्यानात असावे.

मुलगी जरा हिरमुसली. म्हणाली, “सर, स्पिटफायर म्हणायला बरं वाटत होतं.” मी म्हटले, “अगं, आपल्या हवाई दलाला स्पिटफायर मिळाले १९४४ साली. त्या नावामुळे पणजोबांची आधीची वर्षेच पुसली जातात. ते ब्रह्मदेशात होते की नाही, हे या एका चित्रावरून ठरणार नाही; पण काय शोधायचे ते आता कळले.” नावाजलेल्या विमानापायी माणसाचे खरे कष्ट हरवावेत, हा सौदा तोट्याचा.

तेव्हा यंदाच्या साफसफाईत असे छायाचित्र सापडले, तर पाठीवरचे जुने अक्षर खोडू नका. तेही घरातल्याच कुणाचे असते. त्याखाली हलक्या हाताने, पेन्सिलीनेच, आपला पाठभेद तेवढा लिहून ठेवा.