मोटारीस भिंत, कपाशीस कुंपणही नाही

कारंज्याजवळून गेलेला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण लांबीचा खुला झाला. या मार्गावर दुचाकीस, रिक्षास आणि ट्रॅक्टरला मज्जाव आहे. ज्यांच्या शिवारातून हा रस्ता गेला, त्यांतील अनेकांच्या दाराशी उभे असलेले वाहन त्यावर चढूच शकत नाही. मग मोटार घ्यावी, तर ती परवडत नाही. ती का परवडत नाही, याचे निम्मे उत्तर सरकारच्या जकातपत्रकात आहे.

एके काळी या देशात मोटार म्हणजे परदेशी वस्तूच होती. शिवडीस जनरल मोटर्सने 1928 साली कारखाना काढला, तो सुटे भाग आणून जुळविण्यापुरताच. पुढे 1944 साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. 1953 साली सरकारने ठरविले की, जे येथे मोटार घडवतील त्यांनीच राहावे, नुसती जुळवाजुळव करणाऱ्यांनी जावे. जनरल मोटर्स व फोर्ड निघून गेल्या. बाल्यावस्थेतील धंद्यास संरक्षण हवे, हे धोरण तेव्हा योग्यच होते. पण ते बाळ आज सत्तरी ओलांडून गेले आहे! चाकण आणि नाशिकच्या मोटारी परदेशी निर्यात होतात; तरीही पाळण्याची दोरी सुटलेली नाही.

1 एप्रिल 2001 पासून आयातीवरील संख्येचे निर्बंध उठले आणि उरली ती जकातीची भिंत. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पानंतर महागड्या तयार मोटारीवर मूळ जकात 70 टक्के आणि कृषी अधिभार 40 टक्के, मिळून 110 टक्के बसू लागले. हिशेब करून पाहा. बंदरावर 50 लाखांची असलेली गाडी जकातीने 1 कोटी 5 लाखांची होते. त्या फुगलेल्या किमतीवर पुन्हा 40 टक्के वस्तू व सेवा कर, की झाली 1 कोटी 47 लाख. महाराष्ट्राचा वाहनकर निराळाच. करावर कर बसतो, आणि त्यातील एकास कृषीचे नाव आहे, हा विनोद शेतकऱ्यांच्या लक्षात आलेला बरा.

कोणी म्हणेल, कारंज्यात असल्या गाड्या घेतो कोण? बरोबर आहे. पण स्वस्त परदेशी मोटारीवरही 70 टक्के जकात असल्याने ती येथवर पोचत नाही आणि घरच्या कारखानदारास बाहेरचा धाक राहत नाही. त्यांच्या आपसांतील चढाओढीने व 22 सप्टेंबर 2025 रोजी लहान गाड्यांवरील कर 18 टक्क्यांवर आल्याने थोडा दिलासा मिळाला, एवढेच. ब्रिटनशी 24 जुलै 2025 रोजी झालेल्या करारात ठराविक संख्येपुरती जकात 10 टक्क्यांपर्यंत उतरविण्याचे ठरले. भिंतीस दार पाडले, तेही श्रीमंतांच्या गाड्यांसाठी.

आता याच सरकारची दुसरी बाजू पाहा. परदेशी कापसावर 11 टक्के जकात होती. मोटारीच्या भिंतीपुढे ते काट्याकुट्यांचे कुंपणच. अमेरिकेने आपल्या कापडावर जबर कर लादला, गिरण्या अडचणीत आल्या, आणि 19 ऑगस्ट 2025 पासून ही जकात माफ झाली. प्रथम 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. वऱ्हाडात वेचणी होऊन कापूस विक्रीस येतो तो नेमका याच महिन्यांत. गिरण्यांची अडचण खरी होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ती निवारण्यास तिजोरीतून मदत देता आली असती. कास्तकाराच्या भावातून ती का काढावी?

मोटार कारखानदारास सात दशके संरक्षण मिळते आणि ते कधी संपणार याची तारीख कोणी विचारीत नाही. कपाशीचे संरक्षण मात्र एका अधिसूचनेने, ऐन हंगामात उठते. आमची मागणी साधी आहे. मोटारीवरील जकात दरवर्षी किती उतरणार, याचे वेळापत्रक अर्थमंत्रालयाने जाहीर करावे. आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात कापसाच्या जकातीस हात लावणार नाही, असे लेखी आश्वासन पेरणीपूर्वी द्यावे. कोणते पीक घ्यायचे हे कास्तकार मृगाच्या आधी ठरवितो, दिवाळीनंतर नव्हे.