फळ कोणासाठी?

नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला वर्षातून दोनदा वेलीवर कात्री चालवावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. पहिल्या छाटणीनंतर बाग ओकीबोकी दिसते. परंतु पुढचा घड धरतो तो तिच्यानंतर फुटलेल्या काडीवरच. योहानाच्या शुभवर्तमानातील द्राक्षवेलीचा दृष्टांत अशा माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. वेलीशी जडून राहिल्याखेरीज फांदीला फळ नाही आणि फळ देणाऱ्या फांदीलाही छाटणी चुकत नाही, हेच त्याचे सार.

‘फलदायी ख्रिस्ती जीवन’ म्हटले की आज डोळ्यांपुढे येतात ती भरगच्च प्रार्थनामंदिरे, मोठमोठ्या सभा आणि वाढत्या देणग्या. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणे सांगितली आहेत. प्रीतीपासून आत्मसंयमनापर्यंतच्या त्या लक्षणांत खानेसुमारीत मोजता येईल असे एकही नाही.

या संदर्भात पंडिता रमाबाईंचे चरित्र मननीय आहे. दुष्काळाच्या हालअपेष्टांत त्यांचे आईवडील गेले; १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. सदन पुण्यास आल्यावर, १८९३ साली, धर्मांतराच्या वादातून अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. आश्रय आणि धर्मप्रसार यांची सीमारेषा कोठे असावी, हा त्या वेळचा प्रश्न आजही गैरलागू झालेला नाही. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना ज्या बाईंनी आणले, त्यांनी ती भूक स्वतः भोगलेली होती. केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुलींना अन्न, अक्षर आणि हाताला काम मिळाले. रमाबाई १९२२ साली निवर्तल्या. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

दुःख स्वभावतःच पवित्र असते, असा याचा अर्थ नव्हे. त्याने कित्येक माणसे कडवट होतात, कित्येक दगडासारखी होतात. प्रश्न एवढाच की, आपल्या वाट्याला आलेली छाटणी आपल्याला इतरांच्या जवळ नेते की दूर? जी श्रद्धा केवळ श्रद्धावंताच्याच समाधानास पुरते, तिला पाने पुष्कळ असतील, फळ मात्र नाही.

त्यासाठी प्रत्येकाने आश्रम काढण्याची आवश्यकता नाही. रविवारच्या उपासनेत आपण जी क्षमा मागितली, ती सोमवारी कचेरीच्या खिडकीशी ताटकळलेल्या म्हाताऱ्याला सौजन्याच्या रूपाने मिळाली काय? वर्गातल्या मागच्या बाकावरील मंद विद्यार्थ्याला मिळाली काय? वेल स्वतःचे घड कधीच चाखत नाही. त्यांची गोडी दुसऱ्यांनीच सांगावयाची असते.